अण्णांचा विसर आणि यजमानांचं बीपी

प्रश्न : डॉक्टर, सादर नमस्कार. मी इंदूरची, सुदामा नगरात राहते. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि बारावीतला मुलगा. सासरे म्हणजे आमचे अण्णा, वय ७३, बँकेतून निवृत्त. चार वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट पडला. बीपी आणि शुगर जुनीच. पण गेल्या वर्षभरात काहीतरी बदललंय. अर्ध्या कॉलनीचे रिटर्न भरून देणारा हा माणूस आता विजेचं बिल दोनदा भरून येतो. घरचा हिशेब मांडायला बसतात आणि मधेच वही मिटून उठतात. विचारलं की चिडतात. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेचं नाटक कधी चुकवलं नाही, आता 'तुम्हीच जा' म्हणतात. नावं, जुन्या गोष्टी मात्र छान आठवतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीने डोकं कमजोर होतं असं शेजारच्या काकांनी सांगितलं, म्हणून दोन महिन्यांपासून त्यांनी ती बंद केली आहे. बाकीच्या गोळ्याही नीट घेतात की नाही, मला शंका आहे. हे वयामुळे होतंय का? हृदयाचा आणि स्मरणशक्तीचा काही संबंध असतो का? आणि हे आनुवंशिक असलं तर यजमानांनाही (वय ४९) होईल का? त्यांचं बीपी कंपनीच्या कॅम्पमध्ये १५२/९६ निघालं होतं, पण काही त्रास होत नाही म्हणून ते गोळी घेत नाहीत.
— एक सून, इंदूर

उत्तर : ताई, सगळ्या प्रश्नांना उत्तर देते, पण त्याआधी एक काम आजच करा. अण्णांचा गोळ्यांचा डबा आणि शेवटचं प्रिस्क्रिप्शन शेजारी ठेवून कोणत्या पट्टीतून किती गोळ्या गेल्या ते पाहा. कोलेस्टेरॉलची गोळी बंद झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. मला जास्त काळजी आहे ती रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीची, जिला आपण 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. स्टेंट असलेल्या माणसाने ती मनाने सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. तीसुद्धा चुकतेय असं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. कोलेस्टेरॉलची गोळी दोन महिने बंद आहे हेही त्यांना स्पष्ट सांगा आणि ती पुन्हा कशी सुरू करायची ते विचारून घ्या.

काकांनी सांगितलं ते मुळीच हवेतलं नव्हतं, म्हणूनच असा सल्ला माणसाला पटतो. कोलेस्टेरॉलच्या या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात, आणि त्या घेणाऱ्या काही लोकांनी विसरभोळेपणाची तक्रार केली होती. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१२ मध्ये तशी सूचना या गोळ्यांच्या माहितीत घातली. मात्र असे परिणाम क्वचित होतात, गंभीर नसतात आणि गोळी थांबवल्यावर जातात, असंही तिथेच लिहिलं. हजारो लोकांना वर्षानुवर्षं ही गोळी किंवा तिच्यासारखी दिसणारी बिनऔषधी गोळी देऊन जे मोठे अभ्यास झाले, त्यांत दोन्ही गटांच्या स्मरणशक्तीत फरक आढळला नाही. अण्णांच्या बाबतीत एक साधी गोष्ट तुम्हीच ताडून पाहू शकता. गोळी बंद होऊन दोन महिने झाले, या काळात हिशेब सुधारला का? पत्रावरून तसं वाटत नाही. गोळी नाही, विसर मात्र तसाच आहे, आणि हृदयावरचं एक संरक्षण तेवढं काढून घेतलं गेलंय.

आता वयाचं. त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस थोडा हळू होतो. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडतं आणि तासाभराने आपसूक आठवतं. याची काळजी करू नये. पण तुम्ही लिहिलंय ते वेगळं आहे. आयुष्यभर आकड्यांत राहिलेल्या माणसाला तीन-चार पायऱ्यांचा हिशेब शेवटपर्यंत नेता येत नाही. भरलेलं बिल भरलं हे ध्यानात राहत नाही. आवडीचं नाटक नकोसं झालंय. जो ज्यात तरबेज होता त्यातच अडखळू लागला, तर त्याला 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या घरांतून नेमकं हेच सोडून दिलं जातं, आणि मग पुढची दोन-तीन मोलाची वर्षं निघून जातात.

पत्र वाचून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. तरी तुमच्या वर्णनातल्या काही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर जायलाच हव्यात. अल्झायमर या विसराच्या आजारात बहुधा ताज्या गोष्टी आधी पुसल्या जातात. सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही, आणि खूण सांगितली तरी आठवत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने जो त्रास होतो, त्याची सुरुवात पुष्कळदा निराळी असते. आठवण बरी असते, खूण दिली की गोष्ट सापडते, पण विचार मंदावतो, आखणी जमत नाही, एका कामातून दुसऱ्यात जाताना गोंधळ होतो, उत्साह मावळतो, चिडचिड वाढते. चालही बदलू शकते, पावलं आखूड पडू लागतात. बीपी, शुगर, अटॅक असा इतिहास असताना हे दिसलं की आम्हा डॉक्टरांचं लक्ष आधी रक्तवाहिन्यांकडे जातं. उतारवयात दोन्ही प्रकार एकाच मेंदूत सोबत असणंही फार सामान्य आहे.

तर हो, हृदयाचा आणि डोक्याचा संबंध आहे, आणि तो घट्ट आहे. मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी २० टक्क्यांच्या आसपास तो एकटा वापरतो. साठा करून ठेवायची त्याला सोय नाही, रक्त क्षणोक्षणी पोचावं लागतं. आपल्या इंदूरला जलूदहून नर्मदेचं पाणी चढवून आणतात. पंप कितीही दमदार असला तरी गल्लीतल्या शेवटच्या घराला पाणी मिळेल की नाही, ते त्या घरापर्यंत गेलेल्या बारीक पाइपावर ठरतं. मेंदूच्या खोल भागात अशीच शेवटची घरं आहेत. तिथे केसाहून बारीक रक्तवाहिन्या जातात, आणि त्यांना दुसरीकडून मदत मिळायची वाट जवळजवळ नसते.

वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी याच बारीक वाहिन्यांना आधी मारतं. त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली जागा अरुंद होते. शुगर आणि धूम्रपान त्यात भर घालतात. मग मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणारे जे तंतू असतात, ते उपाशी राहून झिजतात. एमआरआयमध्ये तिथे पांढरे ठिपके दिसतात. कधीकधी ज्वारीच्या दाण्याएवढा भाग मरून जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडं होत नाही. असे छोटे आघात साठत गेले की हिशेबाची वही मधेच मिटली जाते.

दुसरी वाट खुद्द हृदयाकडून येते. अटॅकनंतर हृदयाचा पंप अशक्त झाला असेल तर मेंदूला रक्त कमी पडतं. हृदयाची लय बिघडली, ठोके अनियमित पडू लागले, की वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळ्या होतात आणि त्यांतली एखादी मेंदूकडे जाते. ही लय येते-जाते, त्यामुळे दवाखान्यात काढलेल्या एका ईसीजीत ती सापडेलच असं नाही. अण्णांना मधेच छातीत धडधड, दम लागणं, एकदम गळून गेल्यासारखं होणं असं काही असेल, तर २४ तास लावून ठेवायच्या ईसीजीबद्दल, ज्याला होल्टर म्हणतात, त्याबद्दल विचारा. लय बिघडलेली निघाली तर गुठळी टाळणारं नेमकं औषध देता येतं.

पुढची गोष्ट तुम्ही नीट लक्षात घ्यावी अशी माझी कळकळ आहे. विसरण्याची बरीच कारणं दुरुस्त होतात, आणि अण्णांच्या बाबतीत त्यांतली चार-पाच तरी शक्यतेच्या टप्प्यात आहेत. शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं. माणूस शाकाहारी असला तर आणखीच. बी-१२ कमी असलं की विसर, चिडचिड, पायांना मुंग्या, सगळं होतं, आणि तपासणी रक्ताची एवढीशी. थायरॉइड तसंच. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी जास्त व्हायच्या गोळ्यांनी, रक्तातलं सोडियम उतरतं आणि वृद्ध माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर एकदम खालीही जाते. चतुर्थीचा किंवा एकादशीचा उपास आणि गोळी मात्र नेहमीची, असं आपल्याकडे सर्रास चालतं. असे झटके वारंवार बसले तर मेंदूला इजा होते. म्हणूनच या वयात शुगरचं लक्ष्य डॉक्टर थोडं सैल ठेवतात. आकडा फारच सुरेख आला म्हणून खूश होऊ नका, दुपारी घाम फुटून हात थरथरतात का ते पाहा.

झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, लघवी वारंवार होते म्हणून दिलेल्या काही गोळ्या, यांनीही वृद्धांच्या मेंदूवर धुकं येतं. मेडिकलवाल्याने सहज दिलेली पट्टीसुद्धा डॉक्टरांना दाखवा. टीव्हीचा आवाज अलीकडे वाढवावा लागतो का? मग कानांची तपासणी करून घ्या. नीट ऐकू न येणारा माणूस चारचौघांत गप्प होतो, नाटकाला जायचं टाळतो, आणि घरच्यांना वाटतं याला काही आठवत नाही. आणि उदासी. हार्ट अटॅकनंतर दर पाच जणांत साधारण एकाला खरंखुरं नैराश्य येतं. त्या पिढीतले वडीलधारे 'मला उदास वाटतं' असं म्हणत नाहीत, ते चिडतात किंवा खोलीत जाऊन पडतात. अण्णांनी नाटक सोडलं हे वाचून माझ्या मनात हाच विचार पहिल्यांदा आला. नैराश्यावर उपचार झाले की स्मरणशक्तीही बऱ्यापैकी परत आलेली पाहिली आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी तुमचे नेहमीचे फिजिशियन किंवा हृदयाचे डॉक्टर. त्यांच्याकडून बी-१२, थायरॉइड, सोडियम, किडनी, तीन महिन्यांची शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि जुना झाला असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग न्यूरॉलॉजिस्ट, आणि त्यांना वाटलं तर एमआरआय. स्टेंट आहे म्हणून एमआरआय होणार नाही असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, हृदयातल्या आजच्या स्टेंटना त्याची अडचण नसते, फक्त स्टेंटचं कार्ड सोबत न्या. तिथे स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी घेतात. घड्याळ काढा, शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करा, असं काहीतरी. इंदूरला ती बहुतेक हिंदीतून होईल. अण्णांचा व्यवहार बँकेत हिंदी-इंग्रजीत आणि घरी मराठीत गेला असेल, तर ते आकडे मनात कोणत्या भाषेत मोजतात ते आधी विचारा आणि तसं डॉक्टरांना सांगा. उगीच दोन-चार गुण कमी पडून चुकीचा शिक्का बसायला नको. चाचणीला नेताना 'डोकं तपासायला' असं म्हणू नका. 'हार्टची वर्षाची तपासणी' म्हणा, ते खोटंही नाही.

बीपीबद्दल एक सावधगिरी. अण्णांचं बीपी आता कमी येत असेल तर ते सुधारलं असं लगेच मानू नका. उतारवयात, विसराचा आजार सुरू होण्याच्या आधीच्या काही वर्षांत, बीपी आपोआप खाली येताना दिसतं. बसलेले असताना एकदा आणि उठून उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल, चक्कर येत असेल, तर गोळ्यांचा डोस बदलावा लागेल. तो डॉक्टर बदलतील, घरी कुणी हात लावायचा नाही.

आणि आता तुमच्या यजमानांकडे वळते. ताई, पत्रात त्यांना तुम्ही दोन ओळी दिल्यात. मला मात्र या घरात सगळ्यांत जास्त काही करण्याजोगं दिसतंय ते त्यांच्याच बाबतीत.

लंडनच्या सरकारी नोकरांचा एक अभ्यास १९८५ पासून चालू आहे. त्यातून २०१८ मध्ये जे प्रसिद्ध झालं ते तुमच्या घराला अगदी लागू आहे. ज्यांचं वरचं बीपी ५० व्या वर्षी १३० किंवा जास्त होतं, त्यांना पुढे डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहार अडवणारा विसराचा आजार, व्हायचा धोका अधिक निघाला. मधल्या काळात ज्यांना हृदयविकार किंवा लकवा झाला नाही अशांतही तो दिसला. आणि ६० किंवा ७० व्या वर्षी मोजलेल्या आकड्यांशी तसा संबंध दिसला नाही. म्हणजे बीपीचं नुकसान पन्नाशीच्या आसपास सुरू होतं आणि त्याचा हिशेब सत्तरीत होतो. तुमच्या यजमानांचं वय ४९ आणि आकडा १५२. अण्णांच्या पन्नाशीत त्यांचं बीपी किती होतं, तेव्हा ते गोळी नियमित घेत होते का, हे सासूबाईंना विचारून पाहा. 'काही त्रास नाही' हे त्या वेळी अण्णाही म्हणत असतील. बीपीने दुखत नाही, खुपत नाही. त्रास व्हायची वाट पाहणं म्हणजे नुकसान होऊ देणं.

ही फक्त भीती घालायची गोष्ट नाही, कारण बीपी उतरवलं तर फायदा होतो हे दिसून आलं आहे. अमेरिकेत ५० वर्षांवरच्या ९,३६१ लोकांवर झालेल्या एका अभ्यासात वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं की १२० च्या खाली, अशी तुलना होती. २०१९ मध्ये निष्कर्ष आला. कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात स्मरणशक्तीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी होती. डिमेन्शियाही कमी दिसला, पण तो फरक खात्रीने सांगण्याएवढा नव्हता, कारण अभ्यास लवकर थांबवला गेला होता. त्यात शुगरचे रुग्ण घेतले नव्हते, म्हणून अण्णांना तो आकडा जसाच्या तसा लावू नका. मग २०२५ मध्ये चीनमधून मोठा पुरावा आला. ३२६ गावं, ४० वर्षांवरचे सुमारे ३४ हजार बीपीचे रुग्ण. अर्ध्या गावांत गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी चार वर्षं लोकांचं बीपी १३०/८० च्या खाली आणायचा पाठपुरावा केला. त्या गावांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी झाला. साध्या, स्वस्त गोळ्या होत्या आणि नेमाने विचारपूस करणारं माणूस होतं. असं मिठाच्या खड्याएवढ्या गोळीने होत असेल तर ती नाकारण्यात कसलं शौर्य, हे मला आजवर समजलेलं नाही.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. बीपी, शुगर, लठ्ठपणा, धूम्रपान, बैठं आयुष्य ही हृदयाची नेहमीची मंडळी त्यात आहेतच. त्या वर्षी नव्याने भर पडली ती मध्यमवयातल्या वाढलेल्या एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉलची आणि अधू नजरेची. तेव्हा यजमानांचं कोलेस्टेरॉलही एकदा मोजून घ्या. वडिलांना हृदयविकार आहे आणि आपल्या भारतीयांना तो पाश्चात्त्यांपेक्षा लवकर गाठतो.

कॅम्पमधला एक आकडा पुरेसा नाही, हे यजमान म्हणाले तर बरोबरच म्हणतील. म्हणून दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घरी आणा. मनगटावरचं नको. अण्णांसाठी असेलच तर तेच वापरा. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना काही नाही. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि रात्री, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते उच्च रक्तदाबच. हे आकडे अण्णांना वहीत लिहायला सांगा. मोजणारे आणि लिहिणारे एकाच टेबलाशी बसले की दोघांचंही काम होतं. ताई, तुमचा दंडही त्या पट्ट्यात घाला.

खाण्याबद्दल इंदूरच्या माणसाला काही सांगणं अवघड, मला ठाऊक आहे. पोहे-जलेबी सोडा असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे सेव हा पदार्थ राहिलेला नाही, ती सवय झाली आहे. पोह्यांवर सेव, भाजीत सेव, वरणभातावर सेव, संध्याकाळी चहाबरोबर पुन्हा मूठभर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात सेव, लोणचं, पापड, वरून भुरभुरलेला जीरावन मसाला सगळं आलं. घरात नमकीनचं पाकीट किलोचं न आणता छोटं आणा आणि डबा टेबलावरून हलवा. एवढ्यानेच बराच फरक पडतो, कारण डबा समोर असला की हात जातो. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ चांगलं, पण त्यात पोटॅशियम असतं. अण्णांची किडनी आणि बीपीच्या गोळ्या पाहून डॉक्टर हो म्हणाले तरच त्यांच्या ताटात घाला. भाजी, डाळी, फळं, अक्रोड-शेंगदाणे यांना अर्थातच मोकळीक, फळं शुगरच्या मानाने.

यजमान घोरतात का? घोरताना श्वास अडून दचकून उठतात का? दिवसा गाडीत डुलकी लागते का? झोपेत श्वास अडण्याचा हा आजार बीपी वाढवतो, ठोके बिघडवतो आणि मेंदूलाही दमवतो. तसं असेल तर ते मुद्दाम सांगा. तंबाखू, गुटखा, सिगारेट काही असेल तर तिथे मात्र तडजोड नाही.

चालणं दोघांनाही हवं. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. अण्णांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून आणि सावकाश सुरुवात करावी. लालबाग किंवा दशहरा मैदान तुम्हाला जवळ आहे. बापलेक सोबत गेले तर उत्तमच, आणि अण्णांच्या वयात उशीर झाला असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका वाढलेल्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलवर नजर, असं सगळं एकत्र दिलं. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात त्यांची विचारशक्ती इतरांपेक्षा चांगली राहिली.

आनुवंशिकतेबद्दल थोडक्यात. या वयात सुरू झालेला विसर बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जात नाही. जातो तो बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल यांचा कल, आणि घरातल्या ताटाच्या, खुर्चीच्या सवयी. यातलं जवळजवळ सगळं हातात आहे. ब्राह्मीच्या नावाने विकली जाणारी टॉनिकं आणि 'मेमरी'च्या कॅप्सुला यांवर पैसे घालू नका. ते पैसे चांगल्या बीपी मशीनला द्या.

अण्णांशी वागताना 'अहो, परत विसरलात?' हे शब्द घरातून हद्दपार करा, मुलालाही सांगा. चिडणाऱ्या माणसाला आपलं काय निसटतंय ते बहुधा ठाऊक असतं आणि तो घाबरलेला असतो. हिशेब त्यांच्याकडून काढून घेऊ नका, त्याचे तुकडे करा. आज फक्त दुधाचं बिल, उद्या गॅसचं. भरलेल्या बिलावर त्यांच्याच हाताने तारीख टाकू द्या. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेला डबा आणा आणि तो सासूबाईंनी किंवा तुम्ही भरा. मोठे व्यवहार, एफडी मोडणं, फोनवर ओटीपी सांगणं यांत मात्र दुसऱ्याची नजर हवी. बँकेचं खातं दोघांच्या नावे करणं, नॉमिनी तपासणं, मृत्युपत्र, ही कामं अण्णा स्वतः नीट विचार करू शकताहेत तोवर त्यांच्याच इच्छेने करून घ्या. स्कूटर चालवत असतील तर मागे बसून एकदा पाहा. वळण घेताना, सिग्नलला गोंधळतात का ते लगेच कळेल.

खर्चाची चिंता असेल तर ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं कार्ड मिळतं. अण्णांचं काढलं नसेल तर काढून घ्या. बाहेरून करायच्या तपासण्या त्यात येत नाहीत, पण पुढे भरती व्हायची वेळ आली तर उपयोगी पडतं.

शेवटी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, बारावीतल्या मुलालासुद्धा, पाठ असायला हवी. एकाएकी तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा भलतंच बोलणं, एकदम दिसेनासं होणं, तोल जाणं, यातलं काहीही झालं तर साखर चाटवणं, मसाज, 'सकाळपर्यंत बघू' हे काही करायचं नाही. १०८ ला फोन करून किंवा आपल्या गाडीने, जिथे रात्रीही सीटी स्कॅन होतं अशा मोठ्या दवाखान्यात थेट जायचं. कोणता दवाखाना ते आजच ठरवून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुतेक वेळा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं. पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरीही जायचं. आणि माणूस शेवटचा नीट कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.